आकाशाचा जठराग्नी



धूर वर गेला म्हणजे नाहीसा झाला, असे आपण सहज मानतो. तो चुलीचा असो वा मोटारीचा; डोळ्यांआड झाला की आपली चिंता मिटते. पण वर गेल्यावर त्याचे होते काय? आकाशानेच डोळ्यांत पाणी आणले, तेव्हा माणसाला हा प्रश्न विचारणे भाग पडले.

गोष्ट अमेरिकेतील लॉस एंजलिस शहराची आहे. १९४३ च्या जुलै महिन्यात, ऐन महायुद्धात, त्या शहरावर तपकिरी धुके उतरले. डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. शत्रूने विषारी वायू तर सोडला नाही ना, अशी शंका काहींना आली. पुढे कृत्रिम रबराचा कच्चा माल तयार करणाऱ्या एका कारखान्यावर संशय गेला. तो काही काळ बंद ठेवला, तरी धुके हटले नाही. लंडनचे काळे धुके दगडी कोळशाच्या धुरातून व त्यातील गंधकातून उपजत असे. हे धुके मात्र स्वच्छ उन्हात दाट होई, आणि त्याच्या स्पर्शाने रबराला भेगा पडत.

हे कोडे आरी हागन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञांनी उकलले. पॅसाडेना येथे ते अननसाच्या स्वादाचे संशोधन करीत होते. अननसाचा सुगंध ज्या रीतीने गोठवून पकडावयाचा, त्याच रीतीने त्यांनी शहराची हवा पकडली. हाती लागली ती ऑक्सिजनशी संयोग पावलेली उग्र सेंद्रिय द्रव्ये. पेट्रोलच्या वाफा आणि मोटारींच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोन निर्माण होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. रबर चिरणारा तो हाच. तेलधंद्याच्या बाजूने त्यांच्या निष्कर्षांवर आक्षेप घेण्यात आले. परंतु अखेरीस तेच खरे ठरले, आणि १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा-संरक्षण मंडळाचे पहिले अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच. ही द्रव्ये हवेत नेमकी जाळतो कोण? १९७१ मध्ये हायरम लेव्ही यांनी उत्तर सुचविले: हायड्रॉक्सिल मूलक. सूर्याचे अतिनील किरण ओझोन फोडतात. सुटलेला ऑक्सिजनचा अणू पाण्याच्या वाफेशी भिडतो आणि हे मूलक जन्मास येते. त्याचे आयुष्य जेमतेम एका सेकंदाचे, आणि संख्या सरासरीने हवेच्या सुमारे पंचवीस लक्ष कोटी रेणूंमागे एक! पण ते सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन हिसकावून घेते आणि विघटनाची साखळी सुरू होते. तिच्या शेवटी बहुतांशी कार्बन डायॉक्साइड व पाणी उरते. मधली काही द्रव्ये पावसाबरोबर खाली येतात. झाडांनी सोडलेले आयसोप्रीन तासा-दोन तासांत संपते, तर मिथेनला नऊ-दहा वर्षे लागतात.

आकाशाला असा एक जठराग्नी आहे. परंतु पोटात अन्न अर्धवट पचले तर जसे अजीर्ण होते, तसेच आकाशाचेही आहे. नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी भरलेल्या शहरी हवेत पचनाच्या वाटेवरच ओझोन साचतो. लॉस एंजलिसचे धुके हे असे अजीर्णच होते. काही द्रव्ये तर या अग्नीला मुळीच पचत नाहीत. शीतकपाटांत वापरल्या गेलेल्या क्लोरोफ्ल्युरोकार्बनांत हायड्रोजनच नाही. म्हणून ती न जळता उंच गेली आणि तेथील संरक्षक ओझोनास झिजवू लागली. त्यांना आवर घालण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल येथे राष्ट्रांना करार करावा लागला.

हा अग्नी उष्ण कटिबंधात सर्वांत प्रखर असतो, कारण ऊन आणि बाष्प दोन्ही तेथे विपुल. पण तेच ऊन वाहनांच्या धुरातून ओझोनही घडविते. भारताच्या २००९ च्या हवा-मानकांत ओझोनला स्थान आहे ते उगाच नव्हे. आकाश आपला धूर पचविते, ही त्याची कृपा. पण पंगतीत वाढणाऱ्याने जेवणाऱ्याची भूक ओळखावी, एवढे भान आपण ठेवले पाहिजे.