लॉर्ड ऑफ द रिंग्ज पत्तेखेळ : मोहीम पद्धत

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ या अद्भुतरम्य पत्तेखेळातले सुटे डाव एका सलग कथेत गुंफून खेळण्याची पद्धत. एका डावातली कमाई आणि हानी पुढच्या डावात कायम राहते, हे तिचे मुख्य लक्षण. कथेचा आधार जे. आर. आर. टॉल्किन यांची १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी.

मूळ खेळ : नेट फ्रेंच यांनी रचलेला हा खेळ अमेरिकेतील फॅन्टसी फ्लाइट गेम्स या कंपनीने २०११ मध्ये बाजारात आणला. यात खेळाडू एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. सगळे एकाच बाजूला असतात आणि शत्रू, संकटे व ठिकाणे ‘एन्काउंटर डेक’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यातून उलगडत जातात. प्रत्येक खेळाडू जास्तीत जास्त तीन वीर निवडतो व किमान ५० पत्त्यांचा स्वतःचा डेक बांधतो. वीरांच्या पत्त्यांवरील आकड्यांची बेरीज म्हणजे त्याचा सुरुवातीचा ‘थ्रेट’. तो दर फेरीला एकाने चढतो, शोधमोहिमेत कमी पडल्यास आणखी वाढतो आणि ५० वर पोहोचला की खेळाडू बाद होतो.

विकास : २०१२ मध्ये आलेल्या, टॉल्किन यांच्याच ‘हॉबिट’ या कादंबरीवरील पहिल्या पुरवणी संचात मिळवलेला खजिना पुढे वापरण्याची सोय होती. पूर्ण मोहीम पद्धत २०१३ च्या ‘द ब्लॅक रायडर्स’ या संचापासून सुरू झाली. २०१७ च्या ‘द माउंटन ऑफ फायर’पर्यंत एकूण सहा संचांतून प्रत्येकी तीन, असे अठरा डाव कादंबरीतला शायरपासून माउंट डूमपर्यंतचा प्रवास पुरा करतात. प्रत्येक डाव सुटा खेळण्याचीही मुभा आहे.

नियम : मोहिमेची नोंद एका तक्त्यावर ठेवतात. त्यात सध्याचे वीर, मरण पावलेले वीर आणि हाती आलेले ‘बून’ व ‘बर्डन’ यांची नावे असतात. बून म्हणजे लाभाचे पत्ते. स्टिंग व अँडुरिल या तलवारी त्यांतल्याच. बर्डन हे जाचक पत्ते असून ते पुढच्या डावांत अडथळे म्हणून समोर येतात. डाव जिंकताना मेलेला वीर ‘पतित वीरां’च्या यादीत जातो आणि मोहीम संपेपर्यंत त्याला घेता येत नाही. त्याच्या जागी नवा वीर घेतला की सुरुवातीच्या थ्रेटमध्ये एकाची कायमची भर पडते. उदाहरणार्थ, ॲरागॉर्न (१२), थेओड्रेड (८) आणि ग्लोइन (९) यांचा थ्रेट २९ होतो. थेओड्रेड पडल्यावर एओविन (९) आली तर बेरीज ३० आणि दंड धरून ३१. डाव हरल्यास मात्र तो पुन्हा मांडता येतो.

कथेतली अंगठी वाहून नेणारा फ्रोडो व ती अंगठी सांभाळण्याची जबाबदारी सर्वांची असते. अंगठीवाहकाचा ताबा त्या फेरीतल्या पहिल्या खेळाडूकडे असतो आणि पहिलेपणा दर फेरीला पुढे सरकत असल्याने तो हातोहात फिरतो. फ्रोडो खेळातून गेला तर सगळेच हरतात.

वैशिष्ट्ये व मर्यादा : कथेचा मार्ग बहुतांशी ठरलेला असल्याने उत्कंठा शेवटाविषयी नसते, शेवटापर्यंत कोण टिकेल याविषयी असते. त्यामुळे हाताशी आलेला विजय एखाद्या वीराचा बळी देऊन घ्यावा की नाही, हा सुट्या डावात गौण असलेला प्रश्न मोहिमेत निर्णायक ठरतो. मात्र सुरुवातीच्या डावांत बर्डन साचले, तर नंतरचे डाव फारच अवघड होतात.

प्रभाव : नेट फ्रेंच व एमजे न्यूमन यांच्या ‘आर्कहॅम हॉरर : द कार्ड गेम’ (२०१६) मध्ये मोहीम हाच खेळाचा मूळ प्रकार झाला. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या २०२२ च्या सुधारित मूळ संचातही मोहिमेचे पत्ते समाविष्ट करण्यात आले.