महामार्ग रखडला, मग रेल्वे कशी झाली?

गणपतीला गावी जाताना माणगावात दीड तास गाडी जागची हलली नाही. मागे बसलेले काका म्हणाले, "या रस्त्याला एक श्रीधरन पाहिजे होता रे." हे वाक्य आपण सगळेच टाकतो, मीही टाकतो. पण श्रीधरननी नेमकं काय केलं असं कुणी विचारलं, तर "कडक शिस्त, स्वच्छ माणूस" यापुढे आपली गाडी जात नाही. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

कोकण रेल्वे महामंडळ जुलै 1990 मध्ये स्थापन झालं. बॅ. नाथ पै, मधू दंडवते यांनी वर्षानुवर्षं लावून धरलेली मागणी. त्या वर्षी दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, असा योग जुळून आला. केंद्राचा वाटा 51 टक्के, बाकीचा चार राज्यांचा, आणि वरचा पैसा रोखे काढून बाजारातून उभा करायचा. प्रमुख म्हणून आले रेल्वेतून नुकतेच निवृत्त झालेले ई. श्रीधरन. 1964 च्या वादळात मोडलेला पांबनचा पूल 46 दिवसांत पुन्हा उभा करणारे ते हेच.

रोहा ते मंगळूर सुमारे 740 किलोमीटर. त्याचे त्यांनी सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येकावर एक मुख्य अभियंता, आणि त्याला खरोखरचे अधिकार. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच. शिस्तीचं कौतुक आपण करतो, पण श्रीधरननी अधिकार स्वतःच्या टेबलावर साठवले नाहीत, खाली वाटले. ठेकेदाराचं बिल अडवून ठेवायचं नाही, हाही त्यातलाच भाग. पैसे अडले की आधी मजूर गाव सोडतात, हे आपण महामार्गावर पाहिलंच आहे.

जमीन चाळीस हजारांवर मालकांची. आपल्याकडे एका सातबाऱ्यावर किती नावं असतात ते सांगायला नको! तरी महामंडळाची माणसं स्वतः लोकांशी बोलली, आणि बऱ्याच जणांनी राजीखुशीने जमिनी दिल्या.

आता दुसरी बाजू. रेल्वे पाच वर्षांत व्हायची होती. झाली 26 जानेवारी 1998 ला. खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात गेला, मूळ अंदाजाच्या कितीतरी पट. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं, काम थांबलं, चौकशी समिती बसली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा कातळात होता, तो निघाला. पण पेडण्याच्या जेमतेम दीड किलोमीटरच्या बोगद्याने सगळ्यांचा घाम काढला. ओली, चिकणमातीसारखी माती. खणावं तेवढी पुन्हा आत ढासळायची. माणसं गेली. बाकी मार्ग तयार, आणि गाडी अडली ती तिथे. त्या काळात श्रीधरननी सोपी तारीख जाहीर करून वेळ मारून नेली असती तर कुणी बोललं नसतं. 1997 च्या अखेरीस दिल्ली मेट्रोकडे जाईपर्यंत जबाबदार माणूस एकच होता, हे विसरू नका. उशीर झाला तर विचारायचं कुणाला, हे सगळ्यांना माहीत होतं.

महामार्गाचं काम 2011 ला सुरू झालं. पनवेल ते इंदापूर एका यंत्रणेकडे, पुढचं दुसरीकडे, त्यातही तुकडे, आणि तुकड्यागणिक वेगळा ठेकेदार. मंत्री बदलले, तारखा बदलल्या. आज खड्ड्याबद्दल तक्रार करायची तर कुणाकडे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. त्यामुळे काकांना माझं उत्तर असं, की श्रीधरनसारखा माणूस आणला तरी या रचनेत त्याला बसवायचं कुठल्या खुर्चीवर?

रत्नागिरी स्टेशनवर कोकण रेल्वे बांधताना जीव गेलेल्यांचं स्मारक आहे. सत्तरच्या वर माणसं. गाडीला उशीर असेल तेव्हा तिथे जाऊन उभे राहा. आणि तुमच्या घरची जमीन रेल्वेत गेली असेल, किंवा कुणी तेव्हा बोगद्यावर कामाला असेल, तर खाली लिहा. पेडण्याला काम केलेल्या कुणाशी बोलायची माझी फार इच्छा आहे.