चौथ्या नंबरची माणसं

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं आणि सगळीकडे एकच वाक्य छापून आलं: खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक. वाक्य खरंच आहे. आनंद आम्हालाही झाला, अमरावतीत आमच्या गल्लीत पेढेही वाटले गेले. पण जन्म इतिहास शिकवण्यात गेलेला माणूस असं वाक्य वाचलं की मनात हिशेब मांडतो. त्याच १९५२ साली, त्याच हेलसिंकीत, आणखी एक मराठी मल्ल पदकाच्या दारापर्यंत गेला होता. त्याचं नाव किती जणांना ठाऊक आहे?

केशव माणगावे. हेही कोल्हापूरकडचेच. फ्रीस्टाइल कुस्तीत बासष्ट किलोच्या गटात ते उतरले. सुवर्ण तुर्कस्तानच्या बायराम शितला, रौप्य इराणच्या नासेर गिवेहचीला, कांस्य अमेरिकेच्या जोसाया हेन्सनला. चौथे आपले माणगावे. एक पायरी वर असते तर स्वतंत्र भारताच्या पहिल्या वैयक्तिक पदकाचा मान दोघा मराठी मल्लांच्या नावावर असता आणि शाळेच्या पुस्तकात दोन फोटो शेजारीशेजारी छापले असते. आज एकच आहे.

गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, पण असं घडण्याची ती पहिली वेळ नव्हती. त्याआधी बत्तीस वर्षं, १९२० साली, अँटवर्पला भारताचा पहिला संघ गेला. त्यामागे सर दोराबजी टाटा आणि पुण्याचं डेक्कन जिमखाना. जेमतेम सहा खेळाडू. त्यात बेळगावकडचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. दोन मल्ल होते, कुमार नवले आणि रणधीर शिंदे. नवले पहिल्याच फेरीत हरले. शिंदे मात्र उपांत्य फेरीपर्यंत पोचले. तिथे अमेरिकेच्या सॅम्युअल गर्सनने त्यांना हरवलं आणि कांस्यपदकाच्या कुस्तीत ब्रिटनच्या बर्नार्डने. म्हणजे चौथा क्रमांक. गटही तोच, ज्याला इंग्रजीत फेदरवेट म्हणतात. परदेशी नोंदींमध्ये तर त्यांच्या आडनावाला शेवटी एक ‘स’ चिकटून ‘शिंदेस’ झालं आहे. पदक हुकलं ते हुकलं, आडनावही धड राहिलं नाही.

अकोल्याच्या शाळेत असताना खाशाबांचा धडा शिकवून झाला की एखादं पोट्टं हमखास विचारायचं, ‘‘सर, चौथा आला त्याले काय भेटते?’’ मी म्हणायचो, ‘‘त्याले प्रवास भेटते.’’ वर्ग हसायचा. पण प्रश्न चांगला होता, आणि निवृत्तीनंतर मी त्याचा जरा नीट विचार केला.

विचार करताना मी मुष्टियुद्धाकडे वळलो. आपल्याकडे हा खेळ कुस्तीएवढा मुरलेला नाही, पण हुकलेल्या माणसांचा सगळ्यात मोठा इतिहास तिथेच सापडतो, विशेषतः हेवीवेट गटात. तिथे पदकतालिका नाही. त्या काळी एक जगज्जेता असायचा, आणि त्याने ‘ये’ म्हटलं तरच आव्हानवीराला संधी मिळायची. त्यामुळे ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार जगज्जेत्याच्या हातात असायचा. पीटर जॅक्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १८९१ साली जेम्स कॉर्बेटशी एकसष्ट फेऱ्या लढला. निकाल लागला नाही. जगज्जेता जॉन सलिव्हन काळ्या माणसाशी लढायलाच तयार नव्हता. पुढच्याच वर्षी कॉर्बेटने सलिव्हनला हरवून किताब घेतला. जॅक्सनला किताबाची लढत कधीच मिळाली नाही.

त्याहून चटका लावणारी गोष्ट सॅम लँगफर्डची. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचा हा माणूस उंचीने पाच फूट सात-आठ इंच, पण आपल्यापेक्षा कितीतरी थोराड माणसांना लोळवायचा. १९०६ साली तो जॅक जॉन्सनशी लढला आणि हरला. १९०८ साली जॉन्सन हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता झाला. आता तरी दार उघडेल असं कुणालाही वाटावं. पण जॉन्सनने लँगफर्डला किताबाची लढत दिली नाही. दुखणं रंगाचं तर होतंच, पण त्यात धंद्याचा हिशेबही होता. गोऱ्या प्रतिस्पर्ध्याशी लढलं तर पैसा जास्त आणि धोका कमी. मग डावललेले हे लोक आपसातच पुन्हा पुन्हा लढायचे. लँगफर्ड आणि हॅरी विल्स यांच्या पंधराहून अधिक लढती झाल्या. या विल्सचेही जगज्जेत्या जॅक डेम्प्सीशी १९२२ आणि १९२५ साली करार झाले, सह्या झाल्या, लढत मात्र झाली नाही. १९१५ साली जॉन्सन हरला, त्यानंतर १९३७ साली जो लुई उतरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, एकाही काळ्या मुष्टियोद्ध्याला हेवीवेट किताबासाठी लढू दिलं गेलं नाही.

लँगफर्डची दृष्टी पुढे गेली. १९४४ साली अल लेनी नावाच्या वार्ताहराने त्याला न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात शोधून काढलं. आंधळा, कफल्लक, एका खोलीत राहणारा. बातमी छापून आल्यावर लोकांनी वर्गणी काढली आणि त्याच्या पोटापाण्याची सोय झाली. १९५६ साली तो गेला.

आपल्या गामांचंही पाहा. १९१० साली लंडनला गेले तर उंची कमी म्हणून स्पर्धेत प्रवेशच नाही. त्यांनी जाहीर आव्हान दिलं तेव्हा कुठे झिबिस्कोशी कुस्ती लागली. ती बरोबरीत सुटली, आणि पुढच्या आठवड्यात ठरलेल्या कुस्तीला झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामांना मिळाला. पण त्या काळी जगज्जेता म्हणून गाजणारा अमेरिकेचा फ्रँक गॉच त्यांच्याशी कधी लढला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. शिंदे आणि माणगावे एका रांगेत, लँगफर्ड आणि विल्स दुसऱ्या रांगेत. पहिल्यांना आखाड्यात उतरायला मिळालं आणि ते हरले. दुसऱ्यांना उतरूच दिलं नाही. आपण दोघांनाही ‘बिचारे’ म्हणून मोकळे होतो, ते मला पटत नाही. हरलेल्या मल्लाला सहानुभूती नको असते, नोंद हवी असते. ज्याला उतरू दिलं नाही त्याची मात्र बाकी राहते, आणि ती कुणाकडे बाकी आहे हे लिहून ठेवावं लागतं.

खाशाबा या दोन रांगांच्या मधोमध उभे आहेत. १९४८ साली लंडनला सहावे आलेला हा मल्ल १९५२ च्या निवडीत डावलला जात होता. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लागली आणि त्यांनी निरंजन दासला हरवलं. पैसे नव्हते, तर राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हेलसिंकीत एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मामेदबेयोवशी लढावं लागलं, आणि बाजू मांडायला आपला अधिकारी तिथे नव्हता, असं नेहमी सांगितलं जातं. निवडीच्या वेळी दाद लागली नसती तर खाशाबाही लँगफर्डच्या रांगेत गेले असते, आणि ‘बहात्तर वर्षांनी’ हे वाक्य कुणाला लिहिताच आलं नसतं.

आपल्या वऱ्हाडाला हा विषय परका नाही. १९१४ साली अमरावतीत सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिनला जाऊन कबड्डी आणि देशी खेळ दाखवून आलं. ते पदकासाठी गेलेच नव्हते, तरी मंडळाची ती आठवण गावाने जपली. महाराष्ट्र केसरीचं मैदान १९६४ साली अमरावतीत, १९६७ साली खामगावात आणि १९७३ साली अकोल्यात रंगलं. त्या-त्या वर्षी गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, लक्ष्मण वडार यांनी किताब मिळवला. आपल्या या परंपरेत एक गोष्ट मला फार आवडते. अंतिम कुस्ती हरणाऱ्यालाही इथे नाव आहे, उपमहाराष्ट्र केसरी. घराच्या पाटीवर लिहिता येईल असं नाव.

चौथ्याला मात्र ते नाही. शाळेच्या फळ्यावरही आपण पहिले तीनच लिहितो. मीही वर्षानुवर्षं तसंच लिहिलं. १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी तुमच्या घरचं पोर भाषण करणार असेल तर त्याला दोन नावं आणखी लिहून द्या. रणधीर शिंदे, अँटवर्प, १९२०. केशव माणगावे, हेलसिंकी, १९५२. आणि शिंदेंच्या पुढचा तो ‘स’ तेवढा खोडायला सांगा.