क्षमतेच्या रकान्यातला रविवार

आजचा विषय वरवर कोरडा आहे. कारखान्यात कोणतं काम कधी करायचं हे ठरवणारं नियोजनाचं सॉफ्टवेअर, आणि त्यात भरावी लागणारी क्षमता.

असं सॉफ्टवेअर ज्यांनी उघडलं असेल त्यांना ठाऊक आहे, की ऑर्डरची तारीख सांगण्याआधी ते आपल्यालाच प्रश्न विचारतं. कामाचा दिवस किती तासांचा? आठवड्याची सुट्टी कधी? एका कामगाराकडे यंत्रं किती? आणि कार्यक्षमता किती टक्के? आपण आठ, रविवार, दोन, ऐंशी असं भरतो आणि पुढे जातो. यातली पहिली तीन उत्तरं मोठ्या भांडणातून आली आहेत. ते भांडण मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांमध्ये झालं.

आधी तास घेऊ. मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली. त्या काळी गिरणीचं घड्याळ म्हणजे सूर्य. उजेड आहे तोवर काम. मुंबईत हिवाळ्याचा आणि उन्हाळ्याचा दिवस यांत दोन तासांहून जास्त फरक पडतो. म्हणजे त्याच गिरणीची, त्याच मागांची क्षमता डिसेंबरात एक आणि जूनमध्ये दुसरी. १८८१चा पहिला फॅक्टरी कायदा आला, पण त्याने तासांची मर्यादा घातली ती फक्त मुलांच्या कामाला. मोठ्या माणसांना कसलीच मर्यादा नव्हती. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याची मर्यादाही गेली. १९०५च्या सुमारास, तेजीच्या काळात, काही गिरण्या चौदा तासांच्या वर चालू लागल्या. दिवा आला, क्षमता वाढली. माणूस मात्र तोच होता.

आता रविवार. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर त्या सॉफ्टवेअरच्या कॅलेंडरसारख्याच दिसतात: काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं, दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी, रविवारी सुट्टी असावी. एप्रिल १८९० मध्ये मुंबईच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला.

तास कमी व्हायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं. १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांत पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ साली चोपन्न. शेवटची मोठी पायरी दिल्लीत चढली गेली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली दुरुस्ती विधेयक मांडलं आणि बारमाही कारखान्यांचा आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. १९४८च्या कायद्याने तोच आकडा कायम ठेवला. सहा दिवस गुणिले आठ तास, हे आपलं सवयीचं गणित तिथून आलं.

कारखान्यांसारखंच कचेऱ्यांचं कॅलेंडरही बदलत गेलं. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगर ही झाशीच्या राणीच्या नावाची, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत. अशा वसाहतींमधला शनिवार १९८५ साली बदलला. केंद्राच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि रोजचं काम थोडं लांबलं. कारखान्याचा आठवडा मात्र बहुतेक ठिकाणी सहा दिवसांचाच राहिला.

तिसरा आकडा, माणशी यंत्रं. मुंबईचा विणकर सहसा दोन माग सांभाळत असे. १९२८च्या आसपास काही गिरण्यांनी त्याच्याकडे तीन माग द्यायला सुरुवात केली. हिशेब असा: साठ मागांना तीस विणकर लागत, आता वीस पुरतील. मालक म्हणत, यात कार्यक्षमता वाढेल आणि विणकराला मजुरीही जास्त मिळेल. कामगार म्हणत, सूत कच्चं असेल तर धागा सारखा तुटतो, मग तिसऱ्या मागाकडे बघायचं कधी? आणि उरलेल्या दहा जणांनी जायचं कुठे? मजुरीतली कपात आणि ही योजना यांविरुद्ध एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते. शेवटी प्रश्न फॉसेट समितीपुढे गेला.

नियोजन करणाऱ्यासाठी कामगारांचा तो प्रश्न आजही मोलाचा आहे. माग किती हे सांगून क्षमता कळत नाही. सूत कसलं, माणूस किती, हेही धरावं लागतं.

उरला चौथा रकाना, कार्यक्षमतेचा. हा आकडा कायद्याने ठरलेला नाही, तो आपल्या हातात आहे. वीस माग, रोज आठ तास, सहा दिवस: आठवड्याला ९६० तास. धागा तुटणं, बिघाड, गैरहजेरी, ताणा बदलणं हे धरून प्रत्यक्षात ऐंशी टक्के काम होत असेल, तर हाती येतात ७६८. पण आपण रकान्यात शंभर भरले, तर सॉफ्टवेअर तक्रार करत नाही. ते उरलेले १९२ तासही कामाला लावतं आणि गिऱ्हाइकाला तारीख देऊन टाकतं. ती तारीख पाळायची वेळ आली की हे तास कुठून तरी आणावे लागतात. ते येतात ओव्हरटाइममधून, जेवणाच्या सुट्टीतून, किंवा लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारातून.

हा वाद संपलेला नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने बारा तासांच्या दिवसाला वाट देणारी दुरुस्ती मंजूर केली आणि कामगार संघटनांच्या विरोधानंतर सरकारने ती मागे घेतली. म्हणून पुढच्या वेळी तो रकाना समोर आला, की अंदाज टाकण्याआधी खात्यात जाऊन गेल्या तीन महिन्यांची नोंदवही बघा. खरा आकडा तिथे असतो, आणि तो भरला तर शनिवारी संध्याकाळी कुणाला ‘उद्या या’ असं सांगावं लागत नाही.