एका सुताची पट्टी

आजचा भाग एका सुतावर आहे. कापसाचं सूत नव्हे, सुताराचं सूत. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक सूत, साधारण 3 मिलीमीटर. हातातल्या मोबाईलच्या निम्म्याहून कमी जाडी.

आमचं गाव अवसरी बुद्रुक, तालुका आंबेगाव. घरात सुतारकी पिढीजात. आजोबा नांगर, कुळव, पाभर करायचे आणि सुगीत खळ्यावरून बलुतं आणायचे. आता आमचे अण्णा, म्हणजे थोरले चुलते, प्लायवूडची कपाटं करतात. प्लायच्या उघड्या कडेला सागाची पातळ पट्टी चिकटवायची असते, तिला लिपिंग म्हणतात. मागच्या दिवाळीआधी टेबल सॉवर अशीच एका सुताची पट्टी काढताना ती मध्येच अडकली आणि बाणासारखी मागे सुटली. अण्णांचा हात पात्याकडे गेला. अंगठ्याला सात टाके.

पंच्याऐंशीचे आजोबा एवढंच म्हणाले, "सूत सोडलंस रे तू."

मला वाटलं, म्हातारा माणूस, टोमणा मारतोय. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून इतिहास उघडला.

'सुतार' हा शब्द आला संस्कृत 'सूत्रधार'वरून. सूत्र धरणारा, म्हणजे दोरी धरणारा. करवत धरणारा नव्हे, हे लक्षात घ्या! ओंडका उभा चिरायचा तर आधी दोरी रंगात भिजवायची, दोन टोकांना ताणायची आणि मधोमध उचलून सोडायची. लाकडावर सरळ रेघ उमटते. मग दोघांनी मोठी करवत त्या रेघेवरून ओढायची. 10 जानेवारी 1730 ला पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला, 1732 मध्ये वास्तुशांत झाली. त्यासाठी चुना जेजुरीचा, दगड चिंचवडच्या खाणींतला आणि सागवान आपल्या शेजारच्या जुन्नरच्या जंगलातलं. तेव्हा यंत्राची करवत नव्हती. लाकूड चिरायचं ते माणसांच्या हातांनीच.

या पद्धतीत माप कुठे असतं? लाकडावर, डोळ्यांसमोर. करवत रेघ सोडायला लागली की थांबता येतं. काम संथ, म्हणून चूक सुधारायला वेळ मिळतो.

मग यंत्र आलं. 1777 मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरने घेतलेल्या पेटंटमध्ये गोल करवतीचा उल्लेख आहे. 1906 मध्ये जर्मनीत विल्हेल्म आल्टेनडॉर्फने सरकत्या टेबलाची करवत बनवली. आज आपल्याकडच्या वर्कशॉपमधलं 10 इंची पातं मिनिटाला 4000 फेरे मारत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. तिथे थांबून विचार करायला वेळ नाही.

आणि माप लाकडावरून उठून यंत्रावर गेलं. पात्याला समांतर जी आधारपट्टी असते, फेन्स, तिच्यात आणि पात्यात जेवढं अंतर, तेवढी फळी निघते. रुंद फळीला हे अगदी बरोबर. पण एका सुताची पट्टी हवी म्हणून फेन्स पात्यापासून एका सुतावर आणली, तर त्या फटीत हात जात नाही, ढकलायची काठीही मावत नाही. पट्टी तिथे चेपली गेली की पात्याचे मागचे, वर येणारे दात तिला उचलून फेकतात. अण्णांचं हेच झालं होतं.

उपाय सोपा आहे: पातळ पट्टी फेन्सकडे काढायचीच नाही, पात्याच्या दुसऱ्या बाजूला काढायची. त्यासाठी आम्ही घरीच जिग बनवला. टेबलावर पात्याला समांतर खाच असते, तिच्यात घट्ट बसेल अशी लाकडी पट्टी घेतली. तिच्यावर प्लायचा तुकडा आणि त्याच्या टोकाला एक छोटं बेअरिंग. यंत्राचा प्लग काढून, पात्याच्या दाताच्या बाहेरच्या कडेपासून बरोबर एका सुतावर बेअरिंग येईल असं ते पक्कं केलं. मात्र ते पात्याच्या शेजारी ठेवायचं नाही, पात्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला ठेवायचं. नाहीतर पट्टी पुन्हा चेपणार.

आता फळी बेअरिंगला टेकवायची, फेन्स फळीला भिडवून घट्ट करायची आणि काठीने ढकलायचं. पट्टी पलीकडे मोकळी पडते. पुढच्या पट्टीला फेन्स पुन्हा सरकवायची. वेळ जास्त लागतो, पण प्रत्येक पट्टी सारखी. पात्यावरचं गार्ड आणि पात्यामागची पाचर मात्र काढायची नाही.

एक हिशेब सांगतो. आमचं पातं स्वतःच जवळजवळ एक सूत लाकूड खातं. म्हणजे एक सूत पट्टी, एक सूत भुसा. निम्मं सागवान झाडून टाकायचं! आजोबांची हातकरवत एवढी खादाड नव्हती.

पहिल्या दिवशी आजोबा खुर्ची टाकून बसले. वीस पट्ट्या निघाल्या. त्यांनी त्या एकावर एक रचल्या, कडेवरून बोट फिरवलं, मग बेअरिंगला हात लावला. म्हणाले, "हां. आता सूत धरलंय."

अण्णांचा अंगठा अजून पुरता वाकत नाही. त्यांनीच मला हा भाग करायला लावला. तुमच्या घरात, ओळखीत कुणी टेबल सॉवर काम करत असेल, तर आज त्याला हे ऐकवा. भेटू पुढच्या भागात.