डॉक्टरांच्या दारातली दुसरी बॅग

आमच्या तालुक्याच्या गावी, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्यांना एका माणसाचा फार हेवा वाटे. गळ्यात टाय, चकचकीत बूट, हातात जाडजूड चामडी बॅग. तो आला की कंपाउंडर त्याला थेट आत सोडायचा. हा औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे एमआर. माझा एक शाळासोबती पुढं हेच काम करू लागला. रंगीत पानं उलटत, आरशासमोर उभा राहून तो औषधाचे गुण पाठ म्हणायचा. सगळं तीन मिनिटांत. मी तेव्हा नुकता कविता करू लागलो होतो. माझ्या कवितेला ‘वा, वा’ म्हणणारे भेटत, पण ती ऐकून कुणी बदलल्याचं दिसलं नाही. त्याच्या तीन मिनिटांनी मात्र डॉक्टरांची चिठ्ठी बदलायची.

१९९८ च्या सुमारास माझ्या अम्मीला विसर पडू लागला. मला ती तिच्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागली. डॉक्टरांनी मेंदूचा रक्तपुरवठा वाढवणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या महाग होत्या. अब्बा पेन्शन आणायला जात, तेच परतताना औषधाच्या दुकानातून येत. हे दोन वर्षं चाललं. अम्मी आणखी आणखी विसरत गेली. डॉक्टर लोभी नव्हते. कित्येकदा त्यांनी आमच्याकडून फीसुद्धा घेतली नाही. मग चांगला डॉक्टर असं औषध का लिहितो? या प्रश्नाचं उत्तर मला पुष्कळ उशिरा मिळालं, तेही दूरच्या बोस्टनमधल्या एका जुन्या हकिकतीत.

हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जेरी एव्हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन परिसरातल्या ८५ डॉक्टरांना काही प्रश्न विचारले. १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपण औषध निवडतो ते शास्त्रीय लेखनाच्या आधारे, जाहिरातींचा आपल्यावर फारसा परिणाम होत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. पण प्रत्यक्ष औषधांबद्दल विचारलं तेव्हा वेगळंच निघालं. म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाचं मोठं कारण मेंदूला रक्त कमी पडणं हे आहे, असं १०० पैकी ७१ जणांना वाटत होतं. रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं अशा रुग्णांना उपयोगी पडतात, असं ३२ जण मानत होते. शास्त्राचा पुरावा तसं सांगत नव्हता. सांगत होत्या त्या जाहिराती. हे वाचताना मला आमच्या डॉक्टरांचा चेहरा आठवला.

एव्हॉर्न यांनी डॉक्टरांना दोष दिला नाही. त्यांनी विचार केला तो असा : कंपनीचा माणूस डॉक्टरांच्या दारात जातो आणि विद्यापीठाचं ज्ञान ग्रंथालयात बसून राहतं. मग ज्ञानानंही बॅग उचलून दारात का जाऊ नये? स्टीफन सूमराय यांच्यासोबत त्यांनी तशी योजना आखली. औषधशास्त्र जाणणाऱ्या फार्मासिस्टांना तयार केलं. रंगीत, सचित्र, सुटसुटीत पत्रकं काढली. दिसायला जाहिरातीसारखी, पण विकायला काही नाही. डॉक्टरांना आधी विचारायचं, तुम्ही हे औषध का देता? मग दोन्ही बाजू मांडायच्या. नुसतं ‘हे देऊ नका’ म्हणून थांबायचं नाही, त्याऐवजी काय करता येईल तेही सांगायचं.

गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी योजनेच्या नोंदींवरून ४३५ डॉक्टर निवडले. प्रश्न तीन औषधांचा होता : प्रोपॉक्सिफिन हे वेदनाशामक, सेफालेक्सिन हे महाग प्रतिजैविक आणि तिसरं म्हणजे अम्मीच्या गोळ्यांच्या जातीची, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधं. काही डॉक्टरांना नुसती पत्रकं पाठवली, काहींकडे पत्रकं घेऊन माणूस गेला, काहींना काहीच सांगितलं नाही. जून १९८३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ज्यांच्याकडे माणूस गेला, त्यांच्या चिठ्ठ्यांतून ही औषधं इतरांच्या तुलनेत १४ टक्क्यांनी घटली. नुसत्या छापील पत्रकांनी विशेष काही घडलं नाही. आयुष्यभर छापील शब्दावर भिस्त ठेवलेल्या माझ्यासारख्याला हे जरा लागलंच!

आता खर्चाचं. १९८६ मध्ये या दोघांनी हिशेब मांडला. ही औषधं बऱ्यापैकी लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंतच माणूस पाठवला, तर त्या शिकवणीवर खर्चलेल्या एका डॉलरमागे सुमारे १.८ डॉलर वाचतात. पुढं ऑस्ट्रेलियात ॲडलेडला १९९१ मध्ये आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात २००५ मध्ये अशा सेवा सुरू झाल्या. अर्थात ही जादूची कांडी नव्हे. २००७ मध्ये ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात औषधं लिहिण्यातला फरक साधारण पाच टक्क्यांचा दिसला. लहान, पण पुन:पुन्हा दिसणारा. प्रोपॉक्सिफिन तर हृदयाच्या ठोक्यांना धोका म्हणून २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं. तो पहिला निकाल प्रसिद्ध झाल्यानंतर २७ वर्षांनी!

आपल्याकडे मार्च २०२४ मध्ये औषधविक्रीची आचारसंहिता जाहीर झाली. डॉक्टरांना भेटवस्तू, परदेशवाऱ्या देऊ नका, असं ती कंपन्यांना सांगते. चांगलंच आहे. पण भेटवस्तू थांबली म्हणून शिकवणी सुरू होत नाही. तालुक्याचा डॉक्टर दिवसभर रुग्ण तपासतो, रात्री थकून घरी जातो. पदवीनंतर वीस-तीस वर्षं त्याला नवं काही सांगायला येतं कोण? बहुतेक तोच, बॅगवाला.

मागे तो शाळासोबती भेटला. आता निवृत्त झालाय. त्याला मी अम्मीच्या गोळ्यांची गोष्ट सांगितली. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “अरे, तसल्या गोळ्या मीही खपवल्या. फायदे पाठ करून घेतले होते आमच्याकडून. बाकीचं आम्हालाच कुणी सांगितलं नव्हतं.”

अम्मीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिच्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांचं दार उघडंच होतं. त्या गोळ्यांचं खरं-खोटं सांगायला त्या दारी कुणीतरी यायला हवं होतं, एवढंच वाटतं.