कुठवर आलास?

1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. त्या काळी मोंढ्यातून माल भरून निघालेला ट्रक मुंबईला पोहोचेपर्यंत कुणाच्याच हाती लागत नसे. ट्रंक कॉल लागायचा तो पेढीवर, चालकाला गाठायची सोय नव्हती. अपघात तेव्हाही होत, रस्तेही अरुंद होते. पण ‘कुठवर आलास?’ हा प्रश्न ट्रक मुक्कामाला लागेपर्यंत थांबून राही.

31 जुलै 1995 रोजी ज्योती बसूंनी तेव्हाच्या कलकत्त्यातून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातला पहिला मोबाइल कॉल केला. गंमत म्हणजे या फोनचा धोका त्याच्याही 26 वर्षं आधी मोजला गेला होता. 1969 साली ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये 24 चालकांना गाडी चालवताना फोनवरून प्रश्न विचारले. गाडीवरचा ताबा फारसा सुटला नाही. फसला तो अंदाज. समोरच्या फटीतून गाडी जाईल की नाही, हे ठरवताना ते चुकू लागले.

1997मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी अपघात झालेल्या 699 चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. बोलताना अपघाताची शक्यता सुमारे चौपट दिसली, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोननेही ती कमी झालेली दिसली नाही. म्हणजे गुंततं ते मन.

मग शेजारी बसून गप्पा मारणाऱ्याचं काय? 2008 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या प्रयोगाने त्याचं उत्तर दिलं. शेजाऱ्यालाही रस्ता दिसतो. वर्दळ वाढली की त्याचं बोलणं रस्त्याकडे वळतं. फोनवरच्या माणसाला ट्रकही दिसत नाही आणि वळणही. तो आपला बोलतच राहतो.

आपला कायदा मात्र हातापाशी थांबला. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम 184मध्ये हातात धरलेल्या फोनचा वापर धोकादायक वाहन चालवण्यात मोडला. ते योग्यच झालं. पण कानात इअरफोन घातला की आपण सुटलो, अशी समजूत पसरली.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. बदनापूर आणि जालना तालुक्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा मिळाली. या वेगात गाडी सेकंदाला 33 मीटर पुढे जाते. ‘हं, बोल’ म्हणेपर्यंत तेवढं अंतर मागे पडलेलं असतं. सरळसोट रस्त्यावर झोप येऊ नये म्हणून मुद्दाम फोन लावणारे चालक मला माहीत आहेत. झोपेवर उतारा म्हणजे गाडी सुरक्षित जागी थांबवून विश्रांती. फोनवरच्या गप्पा हा दुसरा धोका झाला.

एसटीत एक जुनी सूचना रंगवलेली असे : गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. ती चालकासाठी नव्हतीच, प्रवाशांसाठी होती. लक्ष विचलित करणाऱ्याचीही काही जबाबदारी असते, हे त्यात गृहीत होतं. आजचा दंड फक्त चालकाला होतो. पलीकडचे आपण – आई, बायको, मालक, अडतदार – काळजीपोटी किंवा घाईपोटी फोन लावतो. ‘गाडी चालवतोय’ असं उत्तर आलं, तर पुढचं वाक्य न बोलता फोन ठेवणं आपल्याच हातात असतं.